एकतीस वर्षांतला पहिला शेरा

उपग्रंथपालांना या सगळ्या उपद्व्यापातून काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की माणूस लोभापायी यात पडला. बढती मिळणार नव्हती. वरची जागा ग्रंथपालांची. ती सहा वर्षं रिकामी होती आणि ती रिकामीच ठेवावी यावर संस्थेत कधी नव्हे ते एकमत होतं. सत्कार मिळणार नव्हता. सगळं अगदी मनासारखं पार पडलं असतं तरी त्यांच्या पदरात पडणार होती ती एका ओळीची वजाबाकी. कंपनीच्या इंजिनिअरने जो अहवाल दिला होता त्यात तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'सर्व्हर वारंवार बंद पडण्याचे कारण : मानवी चूक (प्रणाली-प्रमुख).' ही ओळ खोडली जायला हवी होती. बस्स, एवढंच.

आता हे प्रणाली-प्रमुख कोण, तर खुद्द उपग्रंथपालच. आठ महिन्यांपूर्वी ग्रंथालयात नवा सर्व्हर आला, तेव्हा त्याला ठेवायला कुलूप नीट लागेल अशी एकच खोली सापडली. ती उपग्रंथपालांच्या टेबलामागची, जिथे पूर्वी फाटकी पुस्तकं शिवायला जायच्या आधी पडून असत. खोलीची किल्ली त्यांच्या खिशात होती. किल्लीबरोबर पद आलं. यंत्रातलं त्यांना किती कळतं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी सव्वाअकरा ते साडेअकराच्या दरम्यान सर्व्हर बंद पडू लागला. रोज म्हणजे रोज. देवघेवीच्या काउंटरवर रांग थांबायची, काउंटरवरच्या बाई चहा सोडून येऊन स्क्रीनकडे बघत दोन्ही हात वर करायच्या, आणि रांगेतला प्रत्येक माणूस वळून उपग्रंथपालांच्या रिकाम्या टेबलाकडे बघायचा. तेही चहाचा कप ठेवून येऊन, किल्ली काढून, आत जाऊन बटण दाबायचे. सहा मिनिटांनी यंत्र पुन्हा चालू. इंजिनिअर आठ महिन्यांत तीनदा येऊन गेला. तिसऱ्या वेळी तो आत नऊ मिनिटं होता, हे उपग्रंथपालांनी घड्याळ लावून टिपलं होतं. नवव्या मिनिटाला त्याने निदान केलं आणि ते निदान म्हणजे उपग्रंथपाल स्वतःच निघाले.

तसं माणसाने हसून सोडून दिलं असतं. पण महिनाअखेरीला वार्षिक सभा होती. सभेत अहवाल मंजूर झाला की ती ओळ सेवापुस्तकात उतरणार होती. उपग्रंथपालांना निवृत्तीला सात महिने उरले होते आणि एकतीस वर्षांत त्यांच्या सेवापुस्तकातलं शेऱ्यांचं पान कोरं राहिलं होतं. ते कोरं पान त्यांनी एकदा घरी आणून बायकोला दाखवलं होतं, लोक दागिने दाखवतात तसं. बायको म्हणाली होती, "छान आहे. पण यात काहीच लिहिलेलं नाही." "तेच तर!" ते म्हणाले होते.

"लॉग बघितला का त्याने?" शेजाऱ्यांनी विचारलं.

शेजारी म्हणजे टेलिफोनवाले. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, आणि आता निवृत्त झाल्यावर इमारतीत कुणाचाही पंखा, गीझर किंवा संसार बिघडला की सल्ला द्यायला ते चपला न घालताच येतात.

"लॉग म्हणजे?"

"अरे, यंत्र स्वतःची डायरी लिहीत असतं! अमुक वाजता अमुक माणूस आला, त्याने हे मागितलं, मी ते दिलं, मग माझं डोकं फिरलं, मग मी पडलो. सगळं तारीख-वेळेसकट. डायरी न वाचताच 'मानवी चूक' लिहितो काय? कानाखाली... म्हणजे, कडक पत्र लिही त्याला."

यंत्र डायरी लिहितं हे ऐकून उपग्रंथपालांना त्या यंत्राबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. ते स्वतः गेली एकतीस वर्षं तेच करत होते. कोण किती वाजता आलं, कुणी कोणतं पुस्तक कोपरा मुडपून परत केलं, कुणी काय निमित्त सांगितलं, सगळं एका लांबट वहीत. त्यांनी इंजिनिअरला फोन लावला.

"लॉग ना? तो बंद ठेवलाय आम्ही," इंजिनिअर म्हणाला. "उगाच जागा खातो."

"म्हणजे तुम्ही साक्षीदाराचं तोंड बांधून ठेवलंत आणि आरोपी शोधलात."

"काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मानवी चूक म्हणजे तसं काही वाईट नसतं."

"मग तुमच्या नावापुढे लिहा."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. उपग्रंथपालांनी फोन ठेवला आणि त्याच क्षणी त्यांनी ठरवलं की लॉग चालू होईल, तो वाचला जाईल, आणि त्यात जे निघेल ते सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं जाईल, मग कुणी काहीही म्हणो.

ठरवणं सोपं होतं. ग्रंथालयात काहीही चालू करायचं तर अर्ज लागतो. लॉगचा छापील अर्ज नव्हता. 'फर्निचर व इतर' हा सगळ्यात जवळचा. त्यात 'लांबी-रुंदी' या रकान्यात काय लिहावं याचा त्यांनी अर्धा तास विचार केला आणि शेवटी 'वाढती' असं लिहिलं. अर्जावर अध्यक्षांनी शेरा मारला : 'प्रणाली-प्रमुखांचे तांत्रिक मत घ्यावे.' मग उपग्रंथपालांनी प्रणाली-प्रमुखांना, म्हणजे स्वतःला, रीतसर पत्र लिहिलं, आवक-जावक शिक्का मारला, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. पहिल्या उत्तरात त्यांनी एक हरकतही काढली. एका झटक्यात होकार दिला तर संगनमत वाटेल, म्हणून. हरकतीचं निरसन करायला तिसरं पत्र. असे चार दिवस गेले, पण फाईल अशी भक्कम झाली की बघणाऱ्याने मान डोलवावी.

अध्यक्षांनी सही केली. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, रोज अकराच्या ठोक्याला येणारे, खोलीचं दार लावून घेऊन बाराला निघणारे. कॉम्प्युटरचा विषय निघाला की ते तळहात वर करायचे. "मी त्या यंत्राला हात लावत नाही. मी पुस्तकांचा माणूस." त्यांच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता खरा, पण तो खुर्चीइतकाच पदाचा भाग समजला जाई.

मग उपग्रंथपाल प्रत्यक्ष यंत्रापुढे बसले. मदतीची पुस्तिका उघडली. यंत्राने डायरी किती बारकाईने लिहावी, हे ठरवायच्या पायऱ्या होत्या. नुसते गंभीर बिघाड, त्याखाली इशारे, त्याखाली नेहमीची माहिती, आणि तळाला 'सर्व काही'.

"सर्व काही," टेलिफोनवाले म्हणाले. "चौकशीत कुणी निवडक विचारतं का?"

हा सल्ला नसता तरी उपग्रंथपालांनी तेच केलं असतं. ज्या माणसाने वाचकांच्या शिंकाही टिपून ठेवल्या, तो यंत्राला 'थोडक्यात लिही' कसं सांगणार? त्यांनी 'सर्व काही' वर खूण केली आणि त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता डायरीने यंत्रातली सगळी जागा व्यापली. यंत्र पडलं. चालू केलं, पुन्हा पडलं. रोज एकदा पडणारा सर्व्हर त्या दिवशी चारदा पडला. डायरीत शेवटची नोंद होती, 'नोंद करायला जागा नाही.' इंजिनिअरने फोनवरच निदान केलं आणि अहवालात एका अक्षराची सुधारणा पाठवली. 'मानवी चूक' चं 'मानवी चुका' झालं.

"जुनी पानं आपोआप पुसायची सोय असते, काका. ती चालू करा."

"पुरावा पुसू?"

"मग काय करणार?"

उपग्रंथपालांनी काय केलं, तर पुसण्याआधी छापून घेतलं. अकराशे चाळीस पानं. प्रिंटरने पाचशेव्या पानाला जळका वास सोडला तेव्हा त्यांनी त्याला वर्तमानपत्राने वारा घातला, पण थांबवलं नाही. दोन पिशव्यांत भरून ते गठ्ठे घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर बसले. पुढचे अकरा दिवस घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवली. घरात माणसं दोनच होती, पण त्यातल्या एकीने याची नोंद तोंडी घेतली आणि दररोज वाचून दाखवली.

दरम्यान पुस्तिकेत त्यांना आणखी एक सोय सापडली. बिघाड झाला की यंत्र आपण होऊन फोनवर संदेश पाठवतं. ही फार सभ्य गोष्ट आहे असं त्यांना वाटलं. कारभार उघडा असावा म्हणून त्यांनी संदेश कार्यकारिणीतल्या सगळ्यांच्या फोनवर जातील अशी व्यवस्था केली. काउंटरवरचा कार्ड वाचणारा डबा गेले दोन महिने बिघडून कपाटावर पडला होता, आणि यंत्राच्या दृष्टीने तो दर सेकंदाला नव्याने बिघडत होता, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. अध्यक्ष त्या वेळी आपल्या जुन्या शाळेत 'एकाग्रता' या विषयावर बोलत होते. पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्या खिशात सहाशे वेळा 'धोका' वाजला. पुढे संदेशांनी तुंबून संदेश जाईनासे झाले, तेव्हा 'संदेश जात नाहीत' असे संदेश यायला लागले.

"हे बंद करा," अध्यक्षांचा फोन आला. आवाजात मुख्याध्यापक पुरते जागे झाले होते. "एक तर सभेपर्यंत कारण शोधा, नाहीतर अहवाल आहे तसा मंजूर होईल. मुलांसमोर माझा फोन काढून घ्यावा लागला. शाळेच्या नियमानुसार. माझ्याच नियमानुसार!"

इथे एखादा माणूस वरमला असता. उपग्रंथपालांनी उलट सूचनाफलकावर कागद लावला : 'सर्व्हर ज्यांच्या कृतीमुळे बंद पडतो त्यांचे नाव वार्षिक सभेत वाचून दाखवण्यात येईल. कोणाचाही मुलाहिजा ठेवला जाणार नाही.' 'कोणाचाही' खाली दोन रेघा.

त्या दोन रेघा कर्मचाऱ्यांच्या जिव्हारी लागल्या. काउंटरवरच्या बाईंनी अकरा वर्षं रोज त्यांना चहाला हाक मारली होती. सव्वाअकराला शिवणखोलीत, पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या शेगडीवर. दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. ते आपण होऊन गेले तर बाइंडर म्हणाला, "बसा साहेब. पण नोंद करा हं, दोन चमचे साखर घातली."

आणि नेमका त्याच आठवड्यात त्यांनी बाईंनाच पकडलं. छापील डायरीत अकरा बेचाळीसला देवघेवीच्या नोंदींत मोठी गडबड दिसत होती.

"अकरा बेचाळीसला तुम्ही काय करत होतात?"

"तुमच्या नावाने बोटं मोडत होते," बाई म्हणाल्या. "अकरा वीसलाच बंद पडलं होतं ना सगळं! बेचाळीसला कुठलं आलंय?"

उपग्रंथपालांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, आत जाऊन यंत्राचं घड्याळ बघितलं. यंत्र बावीस मिनिटं पुढे होतं. आठ महिने ते ग्रंथालयाच्या पुढे जगत होतं आणि कुणी त्याला विचारलं नव्हतं. त्यांनी घड्याळ जुळवलं, बाहेर आले आणि रांगेतल्या नऊ वाचकांसमोर बाईंची माफी मागितली, वेळ सांगून.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "पण तो कागद काढा फलकावरचा."

"कागद राहील."

"हट्टी आहात हो."

"हेही लिहून ठेवा."

त्या संध्याकाळी ते टेबलावर लाल पेन्सिल घेऊन बसले होते. प्रत्येक छापील वेळेतून बावीस मिनिटं वजा करायची, हे नवं काम मागे लागलं होतं. बायको भांडी पुसत मागे येऊन उभी राहिली.

"हे काय आहे हो? हे, इथे. एकच ओळ सारखी."

"ते असतंच."

"असतंच काय? बघा ना. एक, दोन, तीन... चौदा. मग खाली पडलं. आणि हे दुसऱ्या दिवसाचं पान, इथेही तेच. कुणीतरी दार वाजवतंय. कुणी उघडत नाही म्हणून परत वाजवतंय. माणूस उतावळा आहे."

उपग्रंथपालांनी पेन्सिल खाली ठेवली. अकराशे चाळीस पानं त्यांनी ओळ न् ओळ वाचली होती, आणि प्रत्येक ओळ वेगळी वाचली होती म्हणूनच ती सारखी आहे हे दिसलं नव्हतं. बायकोने एकच पान बघितलं, तेही हातात कढई धरून.

ओळीत मागणी होती : 'सर्व पुस्तके, सर्व वर्षे, सर्व नोंदी.' एक्केचाळीस हजार पुस्तकं आणि त्यांची एकोणीस वर्षांची देवघेव, कुणीतरी रोज सकाळी एकदम मागत होतं. यादी यायला वेळ लागला की पुन्हा बटण दाबत होतं, पुन्हा, पुन्हा, चौदा वेळा, आणि सर्व्हर बिचारा चौदा याद्या एकदम डोक्यावर घेऊन कोसळत होता.

"सापडला!" उपग्रंथपाल उभे राहिले. "नाव! नाव असतं शेवटी." त्यांनी ओळीच्या टोकापर्यंत बोट नेलं. बोट तिथेच राहिलं.

"कोण हो?" बायकोने विचारलं.

नाव त्यांचंच होतं. इतकं ओळखीचं की रोज डोळ्यांखालून निसटत होतं.

बायकोला हसू आवरायला थोडा वेळ लागला, तो त्यांनी मनातल्या मनात टिपून घेतला. मग ती गंभीर झाली, कारण त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. "पण अकरा वीसला तुम्ही चहाला असता ना?"

"रोज. साक्षीदार आहेत."

"मग तुमच्या नावाने कोण बसतंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताजा लॉग उघडला. नावाच्या पुढे, छापताना कागदाच्या कडेबाहेर राहिलेला, यंत्राचा क्रमांक होता. सात. ग्रंथालयातल्या यंत्रांची यादी त्यांनीच केली होती. ती वाचायची गरज नव्हती. तरी वाचली. सात : अध्यक्षांची खोली.

मग सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वी अध्यक्ष नवे नवे आले तेव्हा म्हणाले होते, "मला ते पासवर्ड वगैरे लक्षात राहत नाही हो." आणि उपग्रंथपालांनी मोठ्या अदबीने स्वतःचा पासवर्ड एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहून त्यांच्या कीबोर्डखाली चिकटवला होता. अदब, ही त्या चिठ्ठीची तांत्रिक बाजू.

पण हात न लावणारा माणूस रोज सगळी यादी कशाला मागतो? लॉगमध्ये एक पुढचं पान होतं. ज्या मोजक्या दिवशी यादी सर्व्हर पडण्याआधी पोचली होती त्या दिवशी यंत्र सातवरून लगेच एकच नोंद उघडली गेली होती. पुस्तक क्रमांक १८३०६. ते कपाटातून आणून उपग्रंथपालांनी टेबलावर ठेवलं. 'साठ वर्षं शिस्तीची'. अध्यक्षांचं आत्मचरित्र. पानं चारशे बारा. ग्रंथालयाला भेट दिल्याची तारीख आठ महिन्यांपूर्वीची, आणि सर्व्हर पहिल्यांदा पडला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

काउंटरवर दिव्यांची एक पाटी होती, बाईंच्या कौतुकाची, जिच्यावर 'आज शोधलेली पुस्तके' आपोआप झळकत. अध्यक्षांनी आपलं पुस्तक नावाने शोधलं असतं तर सगळ्या रांगेने वाचलं असतं. म्हणून ते रोज सगळं ग्रंथालय मागवायचे, आणि त्यात गुपचूप स्वतःला शोधायचे. कुणी नेलं का बघायला.

टेलिफोनवाल्यांना हे कळल्यावर ते आनंदाने खुर्चीवरून उठले. "वाच सभेत! पुस्तकासकट वाच! तुझ्या नावावर आठ महिने खुशाल बिल फाडलं त्याने."

बाई म्हणाल्या, "सात महिने राहिलेत तुमचे. कशाला वैर? इंजिनिअरची ओळ गिळा आणि सुटा."

बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही नाही गिळणार, मला माहीत आहे. पण जे लिहिलेलं आहे तेवढंच वाचा. आपल्याकडचं घालू नका."

सभेला पंचेचाळीस सभासद होते. इंजिनिअर इस्त्रीच्या शर्टात पहिल्या रांगेत. त्याने अहवाल वाचला. 'मानवी चुका (प्रणाली-प्रमुख)'शी आल्यावर त्याने आवाज मुद्दाम मवाळ केला, आजाऱ्याजवळ बोलतात तसा. अध्यक्षांनी विचारलं, "मंजूर?"

"नाही," उपग्रंथपाल उभे राहिले. हातात दोन कागद. "फलकावर लिहिलं होतं, नाव वाचून दाखवीन. वाचतो." त्यांनी पहिला कागद धरला आणि स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मोठ्याने वाचलं.

सभागृहात हशा पिकला. इंजिनिअर अर्धा उठला. "म्हणजे मी म्हणत होतो तेच!"

"बसा. ओळ संपलेली नाही. तुम्ही आठ महिन्यांत एकही ओळ पुरी वाचली नाहीत, आज ऐका तरी." हशा थांबला. "वेळ अकरा वीस. मागणी, सर्व पुस्तके, सर्व वर्षे, सर्व नोंदी. चौदा वेळा. अकरा वीसला मी शिवणखोलीत चहा पीत असतो. साक्षीदार बाइंडर आणि काउंटरच्या बाई. दोघंही हल्ली माझ्यावर नाराज आहेत, त्यामुळे साक्ष खरी समजा."

"आहे, आहे," बाई मागून म्हणाल्या. "दोन चमचे साखर."

"यंत्र क्रमांक सात."

"सात कुठलं?" एका सभासदाने विचारलं.

अध्यक्ष टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होते. उपग्रंथपालांच्या मनात सात महिने, पेन्शन, निरोप समारंभातलं भाषण हे सगळं एका ओळीत उभं राहिलं, आणि त्यांनी त्या सगळ्यांना बसायला सांगितलं.

"अध्यक्षांच्या खोलीतलं," ते म्हणाले. "माझा पासवर्ड तिथे मीच चिकटवला. ती चूक माझी, ती माझ्या सेवापुस्तकात लिहा, मी शब्द सांगतो. बाकीची माझ्या नावावर लिहाल तर याद राखा, मी रोज छापून आणीन."

मग तोच सभासद, ज्याला कुठे थांबावं हे कळत नव्हतं, म्हणाला, "पण साहेब, रोज सगळी यादी कशाला लागते हो?"

अध्यक्षांनी मान वर केली. त्यांनी सभासदाकडे बघितलं नाही. उपग्रंथपालांच्या हातातल्या दुसऱ्या कागदाकडे बघितलं. कान लाल झाले होते, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखे. उपग्रंथपालांनी तो कागद उघडला नाही. चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

"लॉगमध्ये कारण लिहिलेलं नसतं," ते म्हणाले. "फक्त काय झालं ते असतं."

ओळ खोडली गेली. तिथल्या तिथे, पंचेचाळीस माणसांसमोर, शाईने.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला अध्यक्षांनी त्यांना आत बोलावलं. कीबोर्डखालची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली होती.

"दुसऱ्या कागदावर होतं ना?"

"होतं."

"वाचलं नाहीत."

"विचारलं होतं कारण. ते त्यावर नव्हतंच."

अध्यक्षांनी पेन उचललं, ठेवलं. "नोंद उघडते न उघडते तोच सगळं बंद पडायचं. आजवर किती जणांनी नेलं?"

"दोनदा गेलंय. दोन्ही वेळा आपल्या सौभाग्यवती."

"तिने वाचलं?"

"लॉगमध्ये..."

"नसतं. कळलं." अध्यक्षांनी चिठ्ठी दुमडली. "तुम्ही?"

या एका शब्दाची तयारी उपग्रंथपालांनी केलेली नव्हती. इंजिनिअरसमोर, सभेसमोर न वाकलेली मान इथे अडकली, कारण या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला धैर्य लागत होतं आणि खोटं उत्तर आता नोंदीत पकडलं जाणार होतं. ते बाहेर आले आणि काउंटरवर जाऊन १८३०६ नावाने शोधून स्वतःच्या नावावर घेतलं. पाटीवर ते झळकलं. रांगेने वाचलं.

पण म्हणून ते मुकाट वाचतील? त्यांनी लाल पेन्सिल काढली आणि पुस्तकाचा लॉग ठेवायला घेतला. पान बावीस, ओळ नऊ : लेखकाचा जन्म त्याच्या थोरल्या भावाच्या आधी झाला आहे. पान एकशे चार : मागच्या पानावर निवृत्त झालेले शिपाई पुन्हा घंटा वाजवतात. पान दोनशे साठ ते दोनशे ऐंशी : शिस्त. विशेष घटना नाही. एकूण त्रेसष्ट बिघाड, गंभीर, इशारा आणि साधे अशा तीन पायऱ्यांत. त्यांनी ते नीट छापून अध्यक्षांच्या हातात दिलं, सरळ डोळ्यांत बघून. आता काय व्हायचं ते होवो.

अध्यक्षांनी उभ्यानेच सगळं वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

"तुम्ही सगळं वाचलंत," ते म्हणाले. "प्रत्येक ओळ."

"सर्व काही. मला दुसरी पायरी येत नाही."

"दुसरी आवृत्ती काढतोय मी. प्रुफं तुम्ही तपासायची. निवृत्तीनंतर वेळ असेलच."

"आणि चूक राहिली तर?"

"तर मागच्या पानावर लिहू, मानवी चूक."

"लिहा," उपग्रंथपाल म्हणाले. "पण पान, ओळ आणि कुणाची ते पुढे लिहा. रकाना रिकामा सोडायचा नाही."

तर एकंदरीत हिशेबात कुणी काय भरलं? सर्व्हर आता दिवसाला एकदाही पडत नाही. अध्यक्षांना एका पुस्तकापुरतं वेगळं बटण करून दिलंय आणि ते रोज ते एकदाच दाबतात. इंजिनिअरने एक नवा अहवाल दिला, त्यात कारणाच्या जागी आडवी रेघ आहे. रेघेला त्याने नऊच मिनिटं घेतली. टेलिफोनवाल्यांची निराशा झाली, कारण कुणाची अब्रू गेली नाही. बायकोने अकरा दिवसांचं टेबल भरलं, ते तिने अजून वसूल केलेलं नाही, पण विसरलेलीही नाही. बाईंनी एक कप चहा भरला, दोन चमचे साखरेचा, हाक मारून. आणि उपग्रंथपालांनी भरली चारशे बारा पानं, दोनदा, शिवाय सेवापुस्तकातलं ते कोरं पान. तिथे आता एकतीस वर्षांतला पहिला शेरा आहे : 'पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला.' अक्षर त्यांचं स्वतःचं. कुणी विचारलं तर ते पान काढून दाखवतात, आणि वेळही सांगतात.